पायरीचे पुण्य



आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपणा सर्वांच्या सहकार्याने पार पडला आणि त्या निमित्ताने ही स्मरणिका निघत आहे. तीत इतिहासाचे चार शब्द लिहावेत, असे समितीने मला सांगितले. गाभारा, सभामंडप, कळस, पालखी यांविषयी इतर मंडळी लिहीतच आहेत. मी मात्र जिच्यावर पाय ठेवून आपण देवळात जातो आणि जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, तिच्याविषयी लिहावयाचे ठरविले. ती म्हणजे पायरी.

याला एक कारण आहे आणि ते सांगताना माझी चूकही कबूल करणे भाग आहे. काम सुरू झाले तेव्हा पुढच्या बाजूच्या तीन जुन्या दगडी पायऱ्यांचा प्रश्न बैठकीत निघाला. मधोमध झिजून त्यांना खळगे पडले होते. पावसाळ्यात त्यांत पाणी साचे. त्या काढून तेथे गुळगुळीत ग्रॅनाइट बसवावा, असे ज्यांनी आग्रहाने मांडले त्यांत मी होतो. वयोवृद्ध मंडळींनी मात्र त्या पायऱ्यांना हात लावू नये असा हट्ट धरला. एकमत न झाल्याने विषय पुढच्या बैठकीवर गेला. मधल्या पंधरा दिवसांत मी दोन डोंगर चढून आलो आणि माझे मत पालटले. त्या दोन डोंगरांची आणि त्यांच्या पायऱ्यांची ही हकीकत आहे.

अंधेरीचा गावदेवी डोंगर

माझ्या पत्नीचे माहेर अंधेरीचे. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी तिने माहेरच्या गावदेवीला नारळ बोलला होता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तो फेडावयास नातू आठ वर्षांचा व्हावा लागला. अखेर एका मंगळवारी सकाळी आम्ही तिघे मालाडहून लोकलने अंधेरीस उतरलो आणि पश्चिमेस भवन्स कॉलेजच्या बाजूने डोंगराच्या पायथ्याशी गेलो. कागदोपत्री या डोंगराचे नाव गिल्बर्ट हिल. गावच्या माणसांच्या तोंडी मात्र तो गावदेवीचा डोंगरच.

खालून पाहिले तर हा डोंगर आहे असे वाटत नाही. भोवती घरांची दाटी, मागे उंच इमारती आणि त्यांच्या मधोमध काळ्या दगडाची एक उभी भिंत, सुमारे २०० फूट म्हणजे ६१ मीटर उंचीची. लांबच लांब खांब एकमेकांना चिकटवून उभे करावेत, तसा तो दगड दिसतो. वर जाण्यासाठी त्याच कातळात पायऱ्या खोदलेल्या आहेत. त्या अरुंद आहेत, उभ्या आहेत आणि सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एक पायरी सहज चढावी तो पुढचीला गुडघ्यावर हात टेकावा लागतो. नातवाने पहिल्या पायरीपासून मोजावयास सुरुवात केली होती. पण मला दम लागला की तो थांबे, गप्पा मारी आणि त्याचा आकडा चुके. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्याने मोजणे सोडून दिले.

आमच्या पुढे एक म्हातारी बाई चालली होती. हातात तबक, डोक्यावर पदर. पायथ्याच्या पहिल्या पायरीला तिने हात लावला, तो कपाळाला लावला आणि मगच पाऊल ठेवले. नातवाने विचारले, "आजी, देवी तर वर आहे. मग पायरीला नमस्कार कशाला?" माझी पत्नी म्हणाली, "देवी वर आहे रे, पण आपल्याला तिच्यापर्यंत नेणारी हीच ना!" उत्तर साधेच होते, पण मला ते लागले. बैठकीत ज्या पायऱ्या मी उखडावयास सांगत होतो, त्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

वर पोचल्यावर मात्र चढणीचे श्रम विसरावयास होतात. माथ्यावर थोडी झाडे आहेत, छोटीशी बाग आहे, गावदेवीचे व दुर्गामातेचे देऊळ आहे. वाऱ्याची झुळूक खाली रस्त्यावर कधी मिळत नाही तशी मिळते. चहूंकडे उपनगरांचा पसारा पसरलेला दिसतो. पश्चिमेस वेसाव्याकडची बाजू, पूर्वेस लोहमार्गापलीकडची वस्ती आणि हवा स्वच्छ असली तर इमारतींच्या फटींतून बोरीवलीच्या जंगलाची निळसर रांग. ज्या गावच्या सीमा राखण्यासाठी देवीला माथ्यावर बसविले, त्या गावाची सीमा आता कोठे संपते हे सांगता येणार नाही. पण देवी आपली जागा सोडून गेलेली नाही.

नारळ फोडून झाल्यावर नातवाने आणखी एक प्रश्न विचारला, "हे खांब कोणी केले?" त्याला मी जे सांगितले तेच येथे थोडक्यात देतो. सहा कोटी वर्षांहूनही पूर्वी आपल्या या दख्खनच्या भूमीला भेगा पडून पृथ्वीच्या पोटातील तापलेला रस वर आला. तो थंड होऊन जो कातळ झाला, त्याचाच सह्याद्री बनला आणि त्याचीच आपली बेटे बनली. तळ्यातला गाळ वाळला म्हणजे आकसतो आणि त्याला भेगा पडून चौकोनी, षट्कोनी खपल्या होतात, हे आपण पाहिलेले आहे. तापलेला रस सावकाश थंड होतानाही तसाच आकसतो. मात्र त्याच्या भेगा खोल आत उतरत जातात आणि खपल्यांऐवजी उभे खांब तयार होतात. गावदेवीचा डोंगर म्हणजे अशा खांबांची एक जुडी आहे.

अमेरिकेत वायोमिंग प्रांतात डेव्हिल्स टॉवर नावाचा असाच खांबांचा डोंगर आहे. तो पायथ्यापासून ८६७ फूट उंच आहे. तेथील मूळ रहिवासी त्याला पवित्र मानतात. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी, थिओडोर रूझवेल्ट यांनी, १९०६ साली तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. त्या देशातील ते पहिलेच राष्ट्रीय स्मारक होय. जून महिन्यात मूळ रहिवाशांचे धार्मिक विधी असतात म्हणून त्या महिन्यात गिर्यारोहकांनी आपण होऊन चढाई टाळावी, अशी विनंती १९९५ पासून केली जाते आणि पुष्कळ जण ती मानतात.

आपल्या अंधेरीच्या डोंगराच्या नशिबी असे लवकर काही आले नाही. त्याच्या भोवती दगडाच्या खाणी चालत. सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजत, अशी आठवण माझ्या पत्नीने सांगितली. खडी निघाली, रस्ते झाले, इमारती झाल्या आणि डोंगर चारी बाजूंनी खचत आला. भूगर्भशास्त्राच्या जाणकारांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर २००७ साली महानगरपालिकेने त्याची गणना वारसास्थळांच्या दुसऱ्या श्रेणीत केली आणि भोवतालच्या खोदकामास बंदी झाली. अमेरिकेतील डोंगराला संरक्षण मिळाल्यानंतर एकशे एक वर्षांनी हे घडले.

मग तोपर्यंत तो वाचला कसा? माझी समजूत अशी की, देवीने आणि तिच्या पायऱ्यांनी तो राखला. ज्या कातळाला पायऱ्या खोदलेल्या आहेत आणि ज्यावर रोज दहा-वीस माणसे तबक घेऊन चढतात, त्याला सुरुंग लावावयास माणसाचा हात सहजासहजी उठत नाही. ज्या बाजूने कोणी चढत नव्हते, ती बाजू गेली. जेथे पाऊल पडत होते, तेथला खांब उभा राहिला.

आपल्या मालाडचा दगड

हे परक्या गावचे सांगून झाले. आता आपल्या गावाचे.

मालाड म्हटले की आज लोकांना रेल्वे स्टेशन, बाजार आणि मार्वे-आक्साचा किनारा आठवतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या इमारती बांधणाऱ्यांना मालाड म्हटले की दगड आठवत असे. आपल्याकडचा फिकट पिवळसर रंगाचा दगड "मालाडी दगड" या नावानेच प्रसिद्ध होता. शास्त्रज्ञ त्याला ट्रॅकाईट म्हणतात. अंधेरीच्या काळ्या कातळाप्रमाणे हाही आगीतून निघालेलाच. फक्त याचा घटक वेगळा, म्हणून रंग उजळ आणि कोरीव कामाला तो सोयीचा. फोर्टमधील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे सांप्रतचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आपल्यापैकी पुष्कळांनी मुलांना घेऊन जाऊन पाहिले असेल. जॉर्ज विटेट यांनी त्याचा आराखडा केला. १९०५ साली त्याचा पाया घातला गेला आणि १९२२ साली ते लोकांसाठी खुले झाले. त्याच्या भिंतींत कुर्ल्याचा काळसर दगड आहे आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. पुढच्या वेळी गेलात तर त्या भिंतीला जरा हात लावून पाहा. तो आपल्या गावचा डोंगर आहे.

यात अभिमान वाटावा असे जसे आहे, तशी हुरहुर लागावी असेही आहे. मालाड पूर्वेस आजही क्वारी रोड नावाचा रस्ता आहे. नाव उरले, खाण कधीच बंद झाली. खाणीत काम करणाऱ्यांनी घाम गाळून पोट भरले, त्यांना दोष देणे बरोबर नाही. शहराला दगड हवा होता आणि तो आपण दिला. पण एक खरे की, त्या टेकड्यांना देवळाच्या पायऱ्या नव्हत्या. कोणी तबक घेऊन त्यांच्यावर चढत नव्हते. म्हणून त्या कधी संपल्या हे आपल्या लक्षातही आले नाही.

कुरार, दिंडोशी, चिंचवली, वळनई, मालवणी, मार्वे, आक्सा, एरंगळ ही सारी एकेकाळी स्वतंत्र गावे होती. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली तेव्हा मालाडही महानगरपालिकेत आले. शेते गेली, वाड्या गेल्या. गाव म्हणून आपल्यापाशी जे उरले आहे त्यात गावदेवी, जत्रा, पालखी आणि देवळाच्या पायऱ्या एवढेच मुख्य आहे. म्हणून तीन पायऱ्यांचा प्रश्न वाटतो तितका लहान नव्हता. हे मला अंधेरीहून परत येताना गाडीत कळू लागले.

कान्हेरीची वाट

नातवाला डोंगराची गोडी लागली होती. "आणखी पायऱ्यांचा डोंगर दाखवा," म्हणून तो मागे लागला. तेव्हा पुढच्याच रविवारी त्याला कान्हेरीस नेले. आमच्या लहानपणी आम्ही मुले बोरीवलीस उतरून राष्ट्रीय उद्यानातून सहा-सात किलोमीटर चालत कान्हेरी गाठत असू. महाशिवरात्रीला तर माणसांची रीघ लागे. आता वाहनाने लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाता येते. मात्र सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

कान्हेरी हे नाव कृष्णगिरी, कण्हगिरी या जुन्या नावावरून आले. काळ्या कातळाचा डोंगर म्हणून हे नाव. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षू तेथे राहिले आणि त्यांच्यासाठी शंभरांहून अधिक लेणी खोदली गेली. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. बहुतेक लोक हे चैत्यगृह पाहून परत फिरतात. परंतु कान्हेरीचे खरे वैभव वरच्या बाजूस आहे आणि तेथे जावयाचे तर पायऱ्या चढाव्या लागतात. ओहोळाच्या काठाने, लेण्यांच्या अंगणांतून, कातळाच्या पाठीवरून या खोदीव पायऱ्या वर वर जातात. काही ठिकाणी त्या इतक्या झिजल्या आहेत की नुसता उतार राहिला आहे. पावसाळ्यात तेथे फार जपून चालावे लागते.

जागोजागी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांना लेखांत "पोढी" म्हटले आहे. पावसाचे पाणी पन्हाळींतून टाक्यांत यावे आणि उन्हाळ्यात भिक्षूंना पुरावे अशी ती योजना. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी डोंगरमाथ्यावर पाण्याची जी सोय केली, ती पाहून आपण नळाला पाणी येत नाही म्हणून किती ओरड करतो, याची लाज वाटते.

हे सारे केले कोणी? राजांनी थोडे, आणि सामान्य माणसांनी पुष्कळ. कान्हेरीच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दानाचे लेख आहेत. त्या काळच्या देणगीदारांची यादीच ती. कल्याण, सोपारा, नाशिक, चौल येथले व्यापारी, सोनार, भिक्षू, भिक्षुणी, गृहिणी असे सर्व तऱ्हेचे लोक तीत आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली, कोणी बसावयाचा ओटा दिला. आपल्या या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर जशी नावे छापली आहेत, तशीच ती तेथे दगडात आहेत.

त्या लेखांत मला सर्वांत प्रिय असलेला लेख अगदी लहान आहे. कल्याणच्या एका लोहाराने डोंगरावरील वाट दान दिली, एवढेच त्यात सांगितले आहे. "पथो" असा शब्द आहे. पथ म्हणजे वाट. त्या लोहाराची ऐपत लेणे खोदविण्याची नसेल. तरी तो मागे राहिला नाही. छिन्नी आणि पहार ही लोहाराचीच कृती. ज्या हत्यारांनी सारा डोंगर कोरला गेला, ती त्याच्यासारख्यांच्याच भट्टीतून निघाली. त्याने वाट दिली आणि त्या वाटेवरून मागून आलेले सगळे चढले.

वाटेवरून कोण कोण चढले त्याचीही साक्ष आहे. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत काही लेख आहेत. इराणातून आलेल्या आपल्या पारशी बांधवांचे पूर्वज इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये कान्हेरी पाहावयास आले आणि आपली नावे तेथे कोरून गेले. धर्म निराळा, भाषा निराळी, पण डोंगराची शोभा पाहावयास त्यांनी त्याच पायऱ्या तुडविल्या. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाहुण्यांना दम लागला असेल तेव्हा तेही याच एखाद्या ओट्यावर बसले असतील, असे मनात आले आणि आम्ही आजोबा-नातूही बसलो. पायाखाली नुसते जंगल होते. झाडांच्या पलीकडे उपनगरांच्या इमारती धुरकट दिसत होत्या. आपले मालाडही त्यांतच कोठेतरी होते.

तेथे बसल्या बसल्या नातवाला आणखी एका लेखप्रकाराविषयी सांगितले. कान्हेरीच्या दात्यांनी नुसते बांधकाम करून हात झटकले नाहीत. काहींनी "अक्षयनीवी" ठेवली. अक्षयनीवी म्हणजे अशी ठेव की जिचे मुद्दल कधी मोडावयाचे नाही. फक्त तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च भागवावयाचा. बांधणारे पुष्कळ मिळतात, राखणारे थोडे, हे त्या शहाण्या माणसांना त्या वेळीही ठाऊक होते.

पायरीवरचे नाव

दान देऊन नाव पायरीवर घालावे, ही चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. पुष्कळांना त्याचे नवल वाटते. नाव असे पायदळी तुडवू द्यावे काय? याचे उत्तर पंढरपूरच्या महाद्वारात आहे. संत नामदेवांनी इ. स. १३५० मध्ये देह ठेवला तो विठ्ठलाच्या पायरीशी. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्या माथ्यावर पडावी, ही त्यांची इच्छा होती असे परंपरा सांगते. आजही वारकरी त्या नामदेव पायरीवर पाय देत नाही. वाकून हात लावतो आणि मग आत जातो.

दुसरे उत्तर रायगडावर आहे. हजाराहून अधिक पायऱ्या चढून गडावर गेल्यावर जगदीश्वराचे देऊळ लागते. गडाचे बांधकाम करणारे हिरोजी इंदुलकर यांचे नाव तेथे दोन ठिकाणी आहे. भिंतीवरच्या शके १५९६ च्या संस्कृत शिलालेखात गडावरील वास्तूंचे वर्णन आणि त्या उभारल्याची नोंद आहे. आणि दुसरे नाव आहे देवळाच्या पायरीच्या दगडावर, हिरोजी सेवेस सदैव तत्पर आहेत एवढ्याच अर्थाचे. ज्याने छत्रपतींची राजधानी उभारली, त्याने आपल्यासाठी मागितली ती पायरी. गड चढून आलेल्या माणसाला हे वाचून भरून येते, कारण पायऱ्या बांधणे म्हणजे काय हे त्याच्या पायांना नुकतेच कळलेले असते.

विरारच्या जीवदानीला आपल्यापैकी कितीतरी घरांतून दरवर्षी माणसे जातात. तेथेही हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. चढताना प्रत्येक जण कुरकुरतो आणि उतरताना पुन्हा येण्याचे बोलतो. कष्टाने गाठलेले देवस्थान आपले वाटते, हेच खरे.

आपल्या तीन पायऱ्या

पुढची बैठक भरली तेव्हा मी उभा राहून माझी सूचना मागे घेतली. ज्यांच्याशी मी वाद घातला होता त्यांची क्षमा मागितली. त्यांनी हसून ती दिली आणि वर, "डोंगर चढून आलास म्हणून शहाणा झालास," असे ऐकविले. ते मी निमूट ऐकून घेतले.

तेव्हा असे ठरले की तीनही जुन्या पायऱ्या जागच्या जागी ठेवावयाच्या. आपल्या गवंडीदादांनी त्या हलक्या हाताने उचलून खालचा पाया पक्का केला, पाणी निघून जावे म्हणून बारीक उतार दिला आणि त्याच क्रमाने त्या पुन्हा बसविल्या. दगडावर हातोडी वाजवून त्यांनी सांगितले, "हा आपला मालाडीच." ज्या टेकड्या गेल्या, त्यांचा एवढा अंश तरी आपल्या देवीच्या दारात राहिला. मधले खळगे भरलेले नाहीत. ते आपल्या आज्या-पणज्यांच्या पावलांनी पडलेले आहेत. नवरात्रात ओटी घेऊन आलेल्या, पहिल्या पावसाआधी गाऱ्हाणे घालावयास आलेल्या, नव्या सुनेला देवीच्या पायांवर घालावयास आणलेल्या बायामाणसांची ती नोंदवही आहे. तसली नोंद ग्रॅनाइट विकत घेऊन मिळत नाही.

तथापि जुने राखताना आजच्या माणसाची सोय विसरून चालत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चाकाच्या खुर्चीवरून यावे लागते, त्यांच्यासाठी डाव्या अंगास कठड्यासह उतरण बांधली आहे. देवीपर्यंत पोचावयाची वाट सर्वांना मोकळी असावी, हाच पायरीचा मूळ धर्म आहे.

आता देणगीदार सज्जनांस एक विनंती करून हा लेख आटोपतो. या कार्यात कोणी मोठी रक्कम दिली, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी मूठभर पैसे दिले, आणि ज्यांना तेवढेही जमले नाही त्यांनी सुट्टीच्या दिवशी घमेली वाहिली. त्या साऱ्यांचे नाव या पुस्तिकेत आहे आणि नसले तरी देवीच्या दप्तरी आहे. परंतु जीर्णोद्धाराला देणगी मिळते, पुढच्या डागडुजीला मिळत नाही, असा सर्वच देवस्थानांचा अनुभव आहे. कळस बसविताना गर्दी होते. पन्हळीतला पाला काढावयास कोणी नसते. म्हणून कान्हेरीच्या दात्यांचे अनुकरण करून आपणही एक लहानशी अक्षय ठेव ठेवावी, तिच्या मुद्दलास कधी हात लावू नये आणि व्याजातून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर, पन्हळी, दिवाबत्ती आणि या पायऱ्या यांची निगा राखावी, अशी सूचना मी समितीपुढे ठेवली आहे. कल्याणच्या त्या लोहाराप्रमाणे ज्याला जे झेपेल ते त्याने द्यावे. रक्कम लहान म्हणून संकोच करू नये.

आणि तरुण मंडळींस एवढेच सांगणे की, एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या मुलांना घेऊन अंधेरीच्या गावदेवीचा डोंगर चढा, कान्हेरीच्या वरच्या लेण्यांपर्यंत जा. वाटेत कचरा टाकू नका, दगडावर आपले नाव लिहू नका. हजार वर्षांपूर्वीच्यांनी लिहिले तो इतिहास झाला. आज आपण लिहिले तर ती नासधूस होईल. डोंगराला आपली हजेरी पावलांनीच कळू द्या. ज्या डोंगरावर पाऊल पडते, तो डोंगर टिकतो.

माझा नातू परवा मंदिरात आला तेव्हा त्याने त्या तीन पायऱ्या मोजल्या. या वेळी आकडा चुकला नाही. मग त्याने पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेला. त्याला कोणी सांगितले नव्हते.

गावदेवी सर्वांचे कल्याण करो.